पेशंट क्रमांक सातची रेघ

आरशाखालच्या फळीवर अकरा वस्तू होत्या: तीन कात्र्या, दोन कंगवे, केस कापायचं मशीन, फवाऱ्याची बाटली, साबणाचा ब्रश, पावडरचा डबा, तुरटीचा खडा आणि एक तपकिरी बाटली. ती बाकावर बसून मोजत होती, कारण वाट बघताना समोर येईल ते मोजायची तिला सवय लागली होती. प्रयोगशाळेत नळ्या आणि टोपणं मोजून मोजून माणसाचं असं होतं. खुर्चीत टेलरकाका गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेले होते आणि दादा त्यांच्या कानामागचे केस काढत होता. त्यांच्यानंतर तिचा नंबर. वयाच्या नवव्या वर्षापासून तिच्या केसांना दादाशिवाय कुणाची कात्री लागली नव्हती. तपकिरी बाटली तिनेच त्याला आणून दिली होती, उपचारांनी त्याचे केस गेले तेव्हा. पुढच्या बाजूला दाट काळ्या केसांचं चित्र होतं आणि तिने आजवर तेवढंच पाहिलं होतं. आज बाटली पाठमोरी ठेवली गेली होती. चित्र आरशात आणि बारीक अक्षरं तिच्याकडे. अक्षरं दिसली की वाचायची, हीही सवयच. झिंक. सेलेनियम. तिसऱ्या ओळीत बायोटिन, दहा हजार मायक्रोग्रॅम.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. शब्द ओळखीचा होता, रोजच्या हाताखालचा होता, आणि तरीही शाळेतले गणिताचे मास्तर अचानक पोहण्याच्या तलावावर चड्डीत दिसावेत तसं तिला क्षणभर कळेना, हा इथे काय करतोय. बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, केसांना आणि नखांना लागतं, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. पण ते एका खोलीतलं ज्ञान. दुसऱ्या खोलीत, जिथे ती आता दिवसभर हातमोजे घालून बसायची, तिथे बायोटिन म्हणजे हूक. हूक संपले, हूक मागवा, नव्या हुकांची पेटी कुणी उघडी टाकली. दोन खोल्यांमधलं दार तिने कधी उघडून बघितलंच नव्हतं. आता ते आपोआप उघडलं, अगदी आवाज न करता, आणि तिच्या जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. कात्रीचा आवाज लांब गेला. दादाचे हात तसेच चालत होते, पण एकेक हालचाल सुटी सुटी दिसत होती.

“काका, मान सरळ. कान कापला तर चष्मा कुठे अडकवाल?”

“तू टकला होतास, हात लटपटत होते, तेव्हाही मी याच खुर्चीत बसलो होतो,” टेलरकाका म्हणाले. “बाकीचे म्हणायचे, ज्याला स्वतःचे राखता आले नाहीत तो आपले काय राखणार.”

“आणि तुम्ही काय म्हणायचात?”

“मी म्हणायचो, माझे राखण्यासारखे उरलेत कुठे.”

दादा हसला. हसताना त्याच्या कपाळावर केस आले. चांगले दाट आले होते, आधीपेक्षा काळे आणि किंचित कुरळे. उपचारांनंतर पहिले येतात ते तसे येतात म्हणे. त्याने मानेला झटका देऊन ते मागे टाकले. हा झटका नवीन होता. केस परत आल्यापासून तो दिवसातून कितीतरी वेळा उगाचच असा झटका द्यायचा, आणि वहिनी म्हणायची, आता पुरे, नाहीतर मानेचा डॉक्टर शोधावा लागेल.

“दादा,” ती म्हणाली, “या गोळ्या अजून घेतोस?”

“सोनारानेच कान टोचले म्हटल्यावर. घरात शास्त्रज्ञ असताना दुसऱ्या कुणाच्या गोळ्या घेणार? रोज तीन.”

“मी एक सांगितली होती.”

“एकीने एवढे उगवले. म्हटलं, तिघींना कामाला लावू.”

“रक्त द्यायच्या दिवशीसुद्धा?”

“त्या दिवशी तर आधी त्याच. न्याहारी करायची नसते, मग राहून जातात. म्हणून उठल्या उठल्या.” त्याने काकांच्या मानेवर पावडर मारली. “का गं?”

“काही नाही. सहज.”

केसांचं उदाहरण तिनेच पहिल्यांदा दिलं होतं. हॉस्पिटलच्या खोलीत, सलाइनची नळी त्याच्या मनगटात, आणि तो विचारत होता की तू दिवसभर नक्की करतेस तरी काय. ती म्हणाली होती, कण बनवते. लोखंडाचे, एवढे बारीक की एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी दीड हजार बसतील. तो म्हणाला, “केसाचं उदाहरण देतेस, तेही मला?” डोकं अंड्यासारखं गुळगुळीत होतं. “भुवईचा चालेल का? थांब, तोही नाही.” दोघं इतकी हसली होती की नर्सने दार ढकलून आत बघितलं होतं. मग तिने त्याच्या पांघरुणावर बोटाने काढून दाखवलं: हा कण, याच्या अंगभर खाचा. खाचेत हूक बसला की जन्मात सुटत नाही, लग्नाच्या गाठीपेक्षा पक्का. हुकाच्या दुसऱ्या टोकाला एक प्रतिपिंड, म्हणजे वासावर जाणारा कुत्रा समज, पण त्याला एकच वास कळतो, तुझ्या गाठीने रक्तात सोडलेल्या प्रथिनाचा. त्याने ते प्रथिन पकडलं की दुसरा एक चमकणारा कुत्रा येऊन त्यालाच चिकटतो. नळीच्या बाजूला चुंबक लावायचं, कण सगळं घेऊन भिंतीला येतात, बाकीचं धुऊन टाकायचं, आणि उरली ती चमक मोजायची. जेवढी चमक तेवढा आजार. “पोलिसांचे कुत्रे सोडतेस माझ्या रक्तात,” तो म्हणाला होता, आणि पुढच्या वेळी रक्त काढणाऱ्या माणसाला स्वतःच बजावलं होतं की एक नळी जास्त काढ, बहिणीच्या कुत्र्यांना लागते. सही केली, परवानगी दिली, आणि प्रयोगशाळेच्या हिशेबात तो पेशंट क्रमांक सात झाला.

आणि खाचा हुकांनी आधीच भरलेल्या असल्या तर? हा प्रश्न एवढा साधा होता की त्याच्याकडे बघायचीही लाज वाटावी. दादाच्या रक्तात सकाळच्या तीन गोळ्यांचे मोकळे हूक, कोट्यवधी, ज्यांच्या दुसऱ्या टोकाला काहीच बांधलेलं नाही. ते खाचांमध्ये जाऊन बसणार. कुत्र्यांना जागा उरणार नाही. ते प्रथिन पकडतील, इमानदारीने पकडतील, आणि धुताना प्रथिनासकट गटारात जातील. चमक नाही. शून्य. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमच्या जुन्या पद्धतीत हे झालंच नसतं, कारण तिच्यात आधी कण आणि हूकवाले कुत्रे एकत्र करायचे, ते पक्के बसेपर्यंत थांबायचं, धुवायचं, आणि मग त्यात रक्त टाकायचं. खाचा भरलेल्याच असायच्या, आल्या हुकाला दार बंद. ती लांबड तिनेच काढून टाकली होती. सगळं एका दमात एकाच नळीत, अर्ध्या वेळात उत्तर. परिषदेत लावलेल्या तिच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत तेच होतं, अर्ध्या वेळात. हॉस्पिटलातलं मोठं यंत्रही असंच एका दमात करतं हे तिला माहीत होतं, आणि त्याचा तिला उलट आधार वाटायचा: दोघांचं उत्तर जुळतं म्हणजे बरोबरच असणार. दोन आंधळे हात धरून रस्ता ओलांडतात तेव्हा त्यांनाही असाच आधार वाटत असेल.

काका उठले. खुर्ची रिकामी झाली, दादाने फडक्याने ती झटकली आणि म्हणाला, “या शास्त्रज्ञबाई.”

ती बसली. त्याने कापड तिच्या गळ्याभोवती आवळलं तसे तिचे हात खाली बंद झाले. पाण्याचा फवारा मानेवर आला. त्याची बोटं टाळूवर फिरली, लहानपणी उवा बघायला फिरायची तशीच, जरा जास्तच दाबून. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा नुकता दुसऱ्याच्या दुकानात हात बसवायला लागला होता. शिकायला डोकं मिळेना म्हणून त्याने तिचंच वापरलं, आणि एक अख्खं वर्ष ती शाळेत एका बाजूने तिरकी फिरली. “हिच्या डोक्याने मला पोसलं,” असं तो अजून सगळ्यांना सांगायचा, आणि मग, “पुढे तेच डोकं शास्त्रात गेलं, म्हणजे आतून काही बिघडलं नव्हतं.” आता आरशात ते दोघं होते. तिचा चेहरा पांढऱ्या कापडावर नुसता ठेवल्यासारखा, आणि वर दादाचा, दातांत क्लिप धरलेला. दर थोड्या वेळाने तो डावा हात कमरेमागे नेऊन दाबत होता. हे ती गेले काही आठवडे बघत होती. दिवसभर उभं राहून होतं, तो म्हणायचा. ही गाठ परत येते तेव्हा पुष्कळदा पाठीच्या कण्यापुढे येते, हे तिने वाचलेलं होतं. वाचलेलं आणि बघितलेलं, पुन्हा त्याच दोन खोल्या.

पेशंट क्रमांक सातची रेघ ही पोस्टरवरची सगळ्यात देखणी रेघ होती. चारशे बारावरून शहाण्णव, एकवीस, सात, आणि मग शून्य, शून्य, शून्य. घसरगुंडीवरून उतरून पोर जमिनीवर लांब सरकत जावं तशी. दहाच्या आत असलं की निरोगी, म्हणजे सात आले तेव्हाच तिला खरं तर काळजीतून सुटायला हरकत नव्हती. पण शून्य आलं तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच हसली होती. मॅडमनी चष्मा वर करून कागद बघितला होता. “शून्य? कमाल आहे,” त्या म्हणाल्या होत्या, आणि एक क्षण तसाच थांबला होता, ज्यात दोघींपैकी कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. कारण निरोगी माणसाच्या रक्तातही हे प्रथिन थोडं असतंच. दोन, तीन, चार. तिच्या स्वतःच्या रक्तात ते दर वेळी तीनच्या आसपास यायचं. शून्य कुणाचंच नसतं. हे तिने इतरांना शिकवलेलं होतं, नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायची, शून्य आलं तर आधी स्वतःवर संशय घ्या. पण ते शून्य दादाचं होतं. ते आलं तेव्हा तिने संशय घेतला नाही, फोन घेतला. पलीकडून वहिनीने स्टूल ओढल्याचा नुसता आवाज आला होता. तिसऱ्या शून्यानंतर वहिनीने दारामागे कायम भरून ठेवलेली हॉस्पिटलची पिशवी रिकामी केली. टॉवेल कपाटात, स्लिपर बाहेर, आणि पिशवी धुऊन दोरीवर. आणि डॉक्टर म्हणाले, आकडे एवढे स्वच्छ आहेत तर आता उगाच स्कॅन कशाला, सहा महिन्यांनी बघू.

औषधांच्या दुकानात ती पाच मिनिटंही नव्हती. “केसांसाठी काहीतरी द्या, ताकदीचं,” म्हणाली. दुकानदाराने दोन बाटल्या पुढे केल्या आणि तिने चित्र बघून एक उचलली. हूक विकत घेताना ती कंपनीचं पत्रक, शुद्धतेचा दाखला, साठवणीचं तापमान, सगळं वाचायची. भावासाठी घेताना चित्र.

गप्प बसता येईल का, असा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. येऊन गेला म्हणजे आला, बसला, आणि त्याला उठवावं लागलं. गोळ्या आजपासून बंद करायला सांगायच्या, कारण काहीही द्यायचं, पुढच्या तपासणीत जे यायचं ते येईल, आणि ते आजारामुळे आलं असेल, तिच्यामुळे नाही. पोस्टर पोस्टरच्या जागी राहील. पण पुढची तपासणी अजून दीड महिना दूर होती, आणि त्याचा डावा हात पुन्हा कमरेमागे गेला.

“हलू नको,” दादा म्हणाला.

“हलत नाही.”

“थरथरतेयस. मला कात्रीत कळतं.” त्याने तोंडातली क्लिप काढली. एक बाजू कापून झाली होती, हनुवटीपर्यंत. दुसरी अजून खांद्यावर लोळत होती. “मघापासून त्या बाटलीकडे बघतेयस. बोल, बारके.”

“ते शून्य खरं नसेल.”

त्याने कात्री मिटली आणि फळीवर ठेवली. बाहेर कुणीतरी दुकानात डोकावून पुढे गेलं.

“कुठलं शून्य?”

“तिन्ही. या गोळ्यांतलं एक द्रव्य आमच्या कणांना आंधळं करतं. हॉस्पिटलच्या यंत्रालाही. रक्तात काही असलं तरी शून्यच दिसतं.”

“केसांच्या गोळ्यांतलं?”

“मी दिलेल्या.”

आरशात दोघांचे चेहरे एकाच वेळी दिसत होते, त्यामुळे कुणालाच दुसरीकडे बघायला जागा नव्हती. मग त्याने हात लांबवून बाटली उचलली, तिसरी ओळ वाचली, चित्राची बाजू बघितली.

“मग खरं किती आहे?”

“माहीत नाही. काहीच नसेलही. तुझ्या तिन्ही वेळच्या अर्ध्या नळ्या फ्रीझरमध्ये आहेत. जुन्या पद्धतीने मोजलं तर कळेल.”

“कधी?”

“आज. आता.”

“चल मग.” त्याने तिच्या गळ्याचं कापड सोडलं.

“तू कशाला? मी करते आणि कळवते.”

“फोनवर आकडे ऐकून झाले माझे.” तो दिवे मालवत होता. “आणि रक्त माझं आहे. पाहुणा म्हणून नाही, मालक म्हणून येतोय.”

रस्त्यात तो तिच्यापेक्षा भरभर चालला. वहिनीचा फोन आला तेव्हा म्हणाला, “बारकीबरोबर आहे. तिचे केस अर्धेच झालेत, थोडा उशीर होईल.” खोटं काही नव्हतं त्यात. तिला वारा एका कानाला लागत होता आणि दुसऱ्याला नाही. सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघतच म्हणाला, “गोळ्या तू दिल्यास म्हणून घेतल्या नाहीत मी. केस हवे होते म्हणून घेतल्या. तीनसुद्धा माझ्याच डोक्याने. तेवढं तुझ्या नावावर लावू नकोस.” सिग्नल सुटला आणि तो पुढे निघाला.

सुट्टी असूनही मॅडम प्रयोगशाळेत होत्या. घरी मन रमत नाही म्हणून त्या सुट्टीला रोपांना पाणी घालायच्या निमित्ताने यायच्या. तिने उभ्या उभ्या सांगितलं. मॅडमनी झारी खाली ठेवली, ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही.

“मी तेव्हा कमाल म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “तिथेच विचारायला हवं होतं मी.” मग दादाकडे बघून, “तुम्ही बसा. वेळ लागेल. आणि हिच्या केसांचं हे काय?”

“काम चालू आहे,” दादा म्हणाला.

“रक्त न घातलेली रिकामी नळी, मग तुझं साठवलेलं रक्त, मग यांच्या तिन्ही,” मॅडम तिला म्हणाल्या. “दुसऱ्या क्रमाने करू नकोस. कितीही घाई वाटली तरी.”

तिने हातमोजे चढवले. फ्रीझरचं दार उघडताच पांढरी वाफ पायांवर उतरली. दादाच्या नळ्या तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट तळहातावर हळूहळू वितळल्या, बर्फाचा ठिपका मधोमध लहान होत गेला आणि मग नुसतं पिवळसर पाणी, रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या केल्यावर उरतं ते. आधी कण. आधी कण आणि कुत्रे, एकत्र, आणि थांबायचं. हे थांबणंच तिने काढून टाकलं होतं; आज त्याची पूर्ण लांबी तिला बसून बघावी लागली. दादा स्टुलावर, गुडघ्यांवर हात. त्याने एकदा विचारलं की शिंक आली तर चालेल का. नंतर तिने नळीला चुंबक लावलं तेव्हा तो उठून जवळ आला. गढूळ तपकिरी द्रव बघता बघता निवळला आणि काचेच्या एका बाजूला बारीक काळी रेघ गोळा झाली.

“झाडून कोपऱ्यात केलेल्या केसांसारखं दिसतंय,” तो म्हणाला.

“हो.”

“एवढेसे आहेत आणि दिसतात.”

“एकटे दिसत नाहीत. गर्दी झाली की दिसतात.”

तिने धुतलं, पुन्हा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. आता रक्त. डोक्यात एवढा धक्का बसलेला आणि हातांना त्याची खबरच नाही, ते आपले आपल्या शिस्तीने एकेका नळीत तेवढाच थेंब सोडत होते. चमकणारे कुत्रे. पुन्हा थांबणं. पुन्हा धुणं. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या, खांद्याला हात न लावता, पण हाताची ऊब लागेल एवढ्या जवळ. दादा स्टूल ओढून यंत्राशेजारी आला. त्याने कपाळावरचे केस मागे टाकले नाहीत, ते तसेच डोळ्यांवर येऊ दिले. तिने पाच नळ्या क्रमाने लावल्या, झाकण बंद केलं, आणि पडद्यावर एकाखाली एक आकडे यायला लागले.

रिकामी नळी: शून्य पूर्णांक एक. तिचं रक्त: तीन पूर्णांक दोन. क्रमांक सात, पहिली नळी: अकरा. दुसरी: अडतीस. तिसरी: एकशे चौतीस.